तिसरं शरण

दुखणं इतकं वाढलं की कुणाकडे तरी काही मागावंसं वाटायला लागलं, आणि आमच्याकडे तर मागायला कोणी नाही. नवस नाही, साकडं नाही, अंगारा नाही. तथागतांसमोर मेणबत्ती लावायची, फुलं ठेवायची, फुलं कोमेजतात तसंच आपलंही व्हायचं आहे याची आठवण ठेवायची आणि कामाला लागायचं. लहानपणापासून मी हेच करत आले. पण भाद्रपदातल्या एका सकाळी मला चहाचा कप उचलता येईना, तेव्हा भिंतीवरच्या त्या शांत चेहऱ्याकडे बघून मी चक्क म्हणाले, "लवकरची तारीख मिळू दे." म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली. थोडा रागही आला. माझा जीव एवढा कळवळत असताना समोरच्याने इतकं शांत बसावं, हे मला काही पटलं नाही.

मी कामरगावात ब्लाउज शिवते. आमवात आहे हे दोनेक वर्षांपूर्वी कळलं होतं. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, मग आपल्याच मनाने सोडूनही दिल्या. या पावसाळ्यात त्याने सगळं व्याजासकट वसूल केलं. बोटांची पेरं लाल होऊन सुजली, मनगटं शिशाची झाली, सकाळी मूठ वळेना, वेणी घालता येईना. आमचे मिस्टर शेतात जायच्या आधी माझ्या साडीला पिन लावून देत आणि ती न चुकता वाकडी लावत. त्यात दसरा तोंडावर. दसऱ्याला आमच्या घराघरांतल्या बायका पांढरी साडी नेसतात, म्हणून माझ्या मशीनजवळ पांढऱ्या कापडाचा ढीग पडलेला, आणि मला कात्री धरता येत नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी हात बघितले आणि स्पष्ट सांगितलं की सूज अशीच राहिली तर बोटं वाकडी होतील, आणि एकदा वाकली की सरळ व्हायची नाहीत. संधिवाताच्या मोठ्या डॉक्टरांना लवकर दाखवा. अशा एक डॉक्टरीणबाई नागपूरहून ठरावीक दिवशी अमरावतीला येतात. तिथे फोन लावला तर काउंटरवरच्या मुलीने थेट दिवाळीनंतरची तारीख दिली. त्याआधी कुणी नंबर रद्द केला तर कळवते म्हणाली. तेव्हापासून फोन माझ्या उशाशी असे. वाजायचा, मी धडपडून उचलायची, आणि पलीकडून कुणीतरी रिचार्ज संपत आल्याचं सांगायचं.

हे सगळं मी लपवून ठेवलं होतं. एक तर शिवणाऱ्या बाईचे हात गेले हे गावात कळलं की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा. दुसरं कारण विहाराचं. आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या दिवसांत रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं आणि ते वाचन कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. यंदा ग्रंथ पेलवेना, पान उलटताना बोटांतून कळ जाई. घोटेही धरलेले, त्यामुळे जमिनीवर बसता येईना. खुर्ची घेऊन बसावं तर समोर बुद्धमूर्ती, खाली बसलेल्या वयस्कर बाया, आणि मी त्यांच्या डोक्यावर खुर्चीत! मला ते जमण्यासारखं नव्हतं. खुर्ची घेऊ नका असं मला कुणीही म्हटलं नव्हतं, हा नियम माझा मीच केलेला. मग एक दिवस आवाज बसल्याचं सांगून मी ग्रंथ शीलाच्या हाती दिला आणि विहारात जाणंच सोडलं. शीला आमच्याच गल्लीतली सून, माझ्याहून वयाने बरीच लहान आणि वाचायला माझ्याहून बरीच चांगली. तेही मला माहीत होतं.

आता माझ्या नाकावर राग असतो हे गावाला ठाऊक आहे. मागे खिरीत साखर कमी पडल्यावरून मी महिनाभर विहाराच्या कामांतून अंग काढून घेतलं होतं. त्यामुळे मी दिसेनाशी झाल्यावर बायांनी सरळ अर्थ लावला की शीलाला वाचन मिळालं म्हणून मी रुसले. मिस्टरांच्या कानावर हे आलं. त्यांनी मला येऊन सांगितलं आणि मी ते खोडून काढलं नाही. आजारी म्हणवून घेण्यापेक्षा रुसलेली म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. इतकी मी शहाणी.

एका दुपारी शीला आणि तिची सासू दारात उभ्या राहिल्या. सासूचं नाव पंचफुलाबाई. सत्तरीच्या आसपासची, गुडघ्यांनी अधू, काठी टेकत टेकत कशीबशी आलेली. शीलाच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला ग्रंथ होता. "जय भीम काकू. घ्या, तुमीच वाचा. मले काई हौस नाई वाचाची. तुमी नाई येत तं कोणालेच करमत नाई," असं म्हणून तिने ग्रंथ माझ्यापुढे धरला. ग्रंथ कुणी असा दोन हातांनी दिला तर दोन हातांनीच घ्यावा लागतो. माझे हात पदराखाली. ते बाहेर काढावे लागले. मी ग्रंथ धरायला गेले आणि तो माझ्या बोटांतून निसटला. शीलाने तो वरच्यावर झेलला म्हणून बरं, पण दोघींनी माझे हात पाहिले ते पाहिलेच.

पंचफुलाबाई खाटेवर टेकली. मग म्हणाली, "काहून लपवून ठेवले व हे? चोरी केली काय कोणाची?" मला रडू फुटलं. डॉक्टर, तारीख, वाकडी होणारी बोटं, खुर्ची, पांढऱ्या कापडाचा ढीग, सगळं एका दमात सांगून टाकलं. शीलाने डोळ्याला पदर लावला. पंचफुलाबाईने मात्र मधेच विचारलं, "कोन्ता डॉक्टर म्हनली तू?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग रडतं कायले? शुक्रवारी माहा नंबर हाये तिच्याकडं. तो घे तू. माहे गुडघे जुने हायेत, ते कुठी पळून नाई चालले."

मी नाही म्हटलं. एकदा नाही, चांगलं वाद घालून नाही म्हटलं. म्हातारीचा नंबर मी घ्यायचा? उद्या गाव काय म्हणेल? आणि मला उपकार सोसत नाहीत, हेही बोलून गेले. त्यावर ती माझ्यावर उखडली. "रोज तं तोंडानं म्हनतं शरण जातो, शरण जातो. अन् जाच्या वक्ताले अडून बसतं! असं असते काय शरण जानं?" शीलाने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली की एकाचा नंबर दुसऱ्याला देता येत नाही, आणि नवीन पेशंटला वेळ जास्त लागतो. मला वाटलं, चला, संपलं. पण पंचफुलाबाई म्हणाली, "फोनवर कोनाले हात दिसते काय? तिथीच जाऊ."

शुक्रवारी आम्ही तिघी अमरावतीच्या बसमध्ये बसलो. चढताना शीलाने एका हाताने सासूला वर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बसल्या बसल्या मी शंभरदा म्हटलं की परत जाऊ या. पंचफुलाबाईचं नाव पुकारलं तशी तिने माझा दंड धरला. काउंटरवरच्या मुलीने अडवलं, तर म्हणाली, "मले उठाबसाले आधार लागते, बाई." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त तो आधार म्हणजे मी, जिला स्वतःच्या साडीची पिन लावता येत नव्हती. मुलीने माझ्या हातांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दार उघडून धरलं. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. तिचंही भलं होवो.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय आजी, गुडघे कसे आहेत?" पंचफुलाबाई पेशंटच्या स्टुलावर बसलीच नाही. मला तिथे बसवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "गुडघे राहू द्या. माह्या वाट्याचा वेळ इले द्या. इचे हात पाहा." मला वाटलं आता दोघींनाही बाहेर काढतील. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून माझा उजवा हात हातात घेतला. त्या स्पर्शाने मी कळवळले, आणि त्याच वेळी माझ्या आत कुठेतरी काहीतरी सैल झालं. इतके दिवस मी तो हात जगापासून सांभाळत होते. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता आणि मला काहीच करायचं नव्हतं. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर ही बोटं मला परत देता आली नसती, असं त्या म्हणाल्या. रक्त तपासलं, सूज उतरायला थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि आधीच्या गोळ्या आपल्या मनाने सोडल्याबद्दल पुरेसं रागावल्याही. आजींच्या गुडघ्यांत इंजेक्शन द्यायचं होतं, पण बाहेर गर्दी तुंबलेली. ते आज होणार नाही म्हणाल्या. शीलाने काउंटरवर जाऊन माझी दिवाळीनंतरची तारीख रद्द केली आणि तीच सासूच्या नावावर नव्याने नोंदवून घेतली. हे मात्र त्यांच्या नियमात बसलं.

पंधरवड्यात सूज उतरू लागली. एका सकाळी मी उठले, चुलीवर चहा ठेवला, कप उचलून घोट घेतला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कप उचलला आहे. मी विहारात गेले. खुर्ची कुणीतरी आधीच मांडून ठेवली होती. तिच्यावर बसून मी शीलाचं वाचन ऐकलं. छान वाचते पोरगी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतली मंडळी नागपूरला दीक्षाभूमीकडे निघाली. त्यांना निरोप द्यायला मी जीपपाशी गेले. पंचफुलाबाई दिसेना. शीलाला विचारलं तर ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "त्या इंजेक्शनवरच यंदा जाचं होतं ना काकू त्याहिले. दोन वर्स झाले, चालनं होत नाई म्हनून राह्यल्या घरी. तुमाले सांगू नको म्हने." जीप गेली. मी तशीच तिच्या घरी गेले. पांढरी साडी नेसून ती खाटेवर बसली होती. मी तिच्या पायांशी बसले आणि ते सुजलेले गुडघे धरून रडले. मला इतकं वाईट वाटलं आणि इतकं प्रेम वाटलं की दोन्हींत फरक करता येईना. ती हसायला लागली. "काहून रडून राह्यली व? मी मायच्या कडेवर बसून तवाच जाऊन आली, दीक्षेच्या पहिल्याच दिवशी. हे लोक अजून जाऊनच राह्यले." मग माझे हात उलटेपालटे करून बघितले, एकेक बोट दुमडून बघितलं आणि म्हणाली, "हां, आता वळून राह्यले."

दिवाळीनंतर तिला इंजेक्शन मिळालं. मार्गशीर्षातल्या एका साध्या दिवशी, सण नाही, गर्दी नाही, अशा दिवशी आम्ही दोघी नागपूरला गेलो. स्तूपाभोवती ती सावकाश चालली, पूर्ण फेरी. माझा हात तिने घट्ट धरला होता, आणि दुखला नाही.

ही कुणाची कृपा, कुणाची योजना, हे मला सांगता यायचं नाही, आणि आमच्यात तसं म्हणतही नाहीत. बुद्धाला शरण जाणं मला कधी जड गेलं नव्हतं, धम्मालाही नाही. ते दोघं माझ्या दारात येऊन माझे हात बघणार नव्हते. संघाला शरण म्हणताना मला नेहमी चीवरातले भंतेजी दिसायचे, आणि भंतेजींचा मान आहेच. पण आता त्या तिसऱ्या शरणापाशी माझा आवाज जरासा कापतो. मी डोळे मिटते, आणि मला समोर एक म्हातारी दिसते, जी स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून मला बसायला जागा करून देते आहे. मी मान खाली घालते आणि मनापासून म्हणते, जाते, शरण जाते.