भैरवीच्या आधीची बस

माझ्या नवऱ्याने मला चाळीस वर्षांत नाही म्हटलं तरी दीडशे मैफली ऐकवल्या, आणि त्यातल्या एकीचीही भैरवी ऐकू दिली नाही. हे मी तक्रार म्हणूनच सांगतेय, उगाच कुणी कौतुक समजू नये.

भैरवी शेवटी असते. ती झाली की मैफल संपली. मग श्रोत्यांनी कितीही गळ घातली तरी गवई दुसरा राग घेत नाही, तंबोरे गवसणीत जातात. मिरजेत गिरिजाबाईंकडे मी सात वर्षं गाणं शिकले. त्यांनी यमन शिकवला, भूप शिकवला, बागेश्री शिकवला, आणि भैरवीचं नाव काढलं की म्हणायच्या, "ती सगळ्यात शेवटी. घाई कसली आहे?" घाई माझ्या वडिलांना होती. एकविसाव्या वर्षी माझं लग्न लावून दिलं आणि मी तंबोऱ्यांच्या गावातून थेट चंदीगडजवळच्या पिंजौरला येऊन पडले. तशा रेडिओवर भैरव्या पुष्कळ ऐकल्या. पण समोर बसून, तंबोरे घुमत असताना, सबंध मैफल ऐकून झाल्यावर येणारी भैरवी मला ऐकायची होती. मिरजेत मैफली रात्रभर चालायच्या आणि आम्हा मुलींनी नवाच्या आत घरात. म्हणजे तिथेही ती राहिलीच होती.

गुरुनाथराव, म्हणजे माझे यजमान, मूळचे इस्लामपूरचे. पिंजौरजवळच्या यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस. गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान असा की विचारू नका. तयार झालेली गिअरबॉक्स चालू करायची, हे डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या चाकाचा एक दात घासतोय." उघडून बघावं तर तस्संच! कारखान्यातले सगळे त्यांना 'राव साहब' म्हणायचे. राव हे आडनाव आहे अशी पंजाब्यांची पक्की समजूत. आम्ही मोकाशी आहोत हे सांगून सांगून मी दमले आणि शेवटी हात टेकले.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी मी स्वयंपाकघरात गुणगुणत होते, तर हे दारात येऊन उभे. म्हणाले, "वरचा सूर जरा कमी पडतोय का?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! सात वर्षं शिकलेल्या बाईला हा लोखंड ऐकणारा माणूस सूर शिकवणार? राग जास्त यायचं कारण म्हणजे सूर खरंच कमी पडला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे चंदीगडच्या मैफलीची दोन तिकिटं घेऊन आले. न बोलता माझ्या पोळपाटावर ठेवली, पिठात.

ती पहिली मैफल सेक्टर अठराच्या थिएटरात झाली. यमन असा झाला की मी मिरज विसरले. मग एक ठुमरी झाली आणि गवयाने तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला. मी सावरून बसले, कारण आता भैरवी. तेवढ्यात माझी शाल ओढली गेली. "चला, उठा. पावणेनऊची बस."

सेक्टर सतराच्या स्टँडवरून पिंजौरला जाणारी शेवटची बस पावणेनऊला सुटायची. ती चुकली तर चंदीगडमध्ये आमचं कुणी नव्हतं. मी रडकुंडीला येऊन त्यांच्यामागे धावले. बसमध्ये मी शाल तोंडावर ओढून बसले. हे मात्र खिडकीबाहेर बघत यमनाची चाल ओठातल्या ओठात गुणगुणत बसले होते, एका ऐकण्यात बरोब्बर उचललेली.

तेव्हापासून नियमच झाला. बसायचं मागून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर. तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला की उठायचं, म्हणजे कुणाचा रसभंग होत नाही. त्या रांगेत आमच्या पलीकडे कायम एक सरदारजी असायचे, सोढीसाहेब. सेक्टर बावीसमध्ये त्यांचं घड्याळांचं दुकान होतं. थर्मासमधून चहा आणायचे आणि झाकणात ओतून आधी मला द्यायचे. पुढच्या मैफलीला भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "बहनजी, भैरवी फिर छोड़ गए! ओ जी, रब दी सौं, मज़ा आ गया सी." आणि मग देवाशप्पथ सांगावं तसं हात वर नेऊन, डोळे मिटून, ती कशी झाली ते सांगायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तरी मी त्याचीच वाट बघायचे. माझ्या सगळ्या भैरव्या अशा सोढीसाहेबांच्या हातवाऱ्यांतून ऐकलेल्या आहेत.

एकदा मात्र देव पावला असं वाटलं. पिंजौरच्या बागेतच मैफल ठरली, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी तर जाहीरच केलं, "आज मी भैरवी ऐकल्याशिवाय उठायची नाही, घरी जाऊन पिठलंभात खा." हे हसले. दीपप्रज्वलनाचे पाहुणे दीड तास उशिरा आले, वर भाषण केलं. गवयाने एकच राग गायला, घड्याळ बघितलं आणि हात जोडले. त्यांना कालक्याहून गाडी पकडायची होती! एरवी आम्ही बस पकडायला उठायचो, त्या दिवशी गवईच गाडी पकडायला उठला. काय म्हणावं कपाळाला! गुरुनाथराव परतताना रस्त्यात थांबून थांबून हसत होते. मीही शेवटी हसले, पण घरी जाऊन रडले.

काही मैफली अजून कालच्यासारख्या आठवतात. सेक्टर सतराच्या चौकात डिसेंबरात एक सतारिये उघड्यावर वाजवत होते. बोटं गारठायची, की शेजारच्या शेगडीवर धरायचे आणि पुन्हा सतारीवर आणायचे, आणि लोक तोवर गप्प बसून राहायचे. आणखी एक बाई होत्या, घसा पार बसलेला. वरचा षड्ज लागेचना. त्या खळखळून हसल्या आणि मग खालच्या सप्तकातच तासभर बागेश्री गायल्या. परतीच्या बसमध्ये हे म्हणाले, "वर जाता येत नव्हतं म्हणून रडत बसली नाही बघ." त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून तिची तारीफ केली. एरवी आमचं एकमत कधी व्हायचं नाही.

पुढे स्कूटर आली. मी म्हटलं, आता बस गेली खड्ड्यात, आता भैरवी! तर तेव्हा आमची मुलगी मधुरिमा लहान, ती शेजारी ठेवलेली. ती मोठी झाली तर धुकं. धुकं नसेल तर यांची सकाळची पाळी. मग कार आली, निवृत्त झाले, आम्ही मोहालीत मुलीजवळ राहायला आलो. ना बस, ना पाळी, ना लहान मूल. तरी तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला की हा माणूस उठून उभा! आता तर कारण सांगायचीही तसदी घेत नव्हते. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर पार्किंगमध्ये किल्ली घेऊन बसले. उपयोग शून्य. दरम्यान सोढीसाहेब मुलाकडे कॅनडाला गेले आणि भैरवीची बातमी सांगणारंही कुणी उरलं नाही.

गेल्या दोन वर्षांत हे एक नवीनच बोलायला लागले, "हल्ली माइकवाले अगदी निकामी आहेत." प्रत्येक मैफलीनंतर माइकवाला. मला तर सगळं छान ऐकू येत होतं. मग घरात कुकरच्या शिट्ट्या यांना ऐकू येईनात. मधुरिमाने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने विचारलं, "अंकल, फैक्टरी में कानों में कुछ लगाते थे?"

कारखान्यातून कानात घालायचे बोळे मिळायचे. सगळे घालायचे. हे घालायचे नाहीत. "बोळे घातले तर चाकाचा दात कसा ऐकू येणार?" असं मलाच कितीदा ऐकवलेलं. चौतीस वर्षं त्या आवाजात उघड्या कानांनी उभे राहिले, आणि त्या बदल्यात काय मिळालं, तर दर वर्षी एक प्रशस्तिपत्र. डावा कान जवळजवळ गेला होता. उजवा त्याच वाटेवर. उंच आवाज आधी जातात म्हणे. मशीन लावून बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. डॉक्टरीण म्हणाली, "गाना सुनने का शौक है तो अभी सुन लीजिए. दो-चार महीने बाद क्या होगा, कह नहीं सकते."

आम्ही घरी आलो. मग मी गुरुनाथरावांना म्हटलं, "फेब्रुवारीत सेक्टर अठराला मैफल आहे. आपण जायचं. आणि या खेपेला भैरवी ऐकायची. उठलात तर याद राखा."

"बघू," म्हणाले.

संध्याकाळी साडेपाचला मैफल सुरू झाली. उजवा कान स्टेजकडे यावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या जागा बदलल्या, डावीकडच्या रांगेत पुढे बसलो. गायिका तरुण होती, आवाज असा मोकळा. हे मान किंचित तिरपी करून ऐकत होते. खालचे सूर लागले की बोटं हलायची. सूर वर गेला की थांबायची. मी गाणं ऐकत होते की यांची बोटं बघत होते, देव जाणे.

आणि तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला. तंबोऱ्याची पहिली तार गायिकेने पंचमात आणली, आणि हे उभे!

मी स्वेटर पकडून खाली ओढलं. "बसा म्हणते ना!"

"चित्रा, चल." नेहमी मला चारचौघांत 'अहो' करणारा माणूस, चक्क चित्रा म्हणाला. "ती ऐकली की संपतं गं सगळं. आजपर्यंत एकही मैफल मी संपू दिली नाही. राहिलेल्यासाठी परत यायचंय, एवढं मनात धरून उठायचो. बस काय, ती तर पहिली काही वर्षंच होती."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी या माणसाला अरसिक म्हणत आले. भांडले, किल्ली अडवून बसले. मला एक शब्द सांगता आला नव्हता? मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी जे करते तेच केलं. दटावलं. "गप बसा. मला ऐकायचीय."

ते बसले.

भैरवी सुरू झाली. पहिला कोमल रिषभ लागला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. गिरिजाबाई आठवल्या, थर्मासचं झाकण आठवलं, पिठातली तिकिटं आठवली. गायिका हळूहळू वर चढत गेली आणि तार षड्जावर जाऊन उभी राहिली. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. तेवढ्यात गुरुनाथराव माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"संपली का?"

सूर चालू होता. स्वच्छ, लख्ख, सगळ्यांना ऐकू येत होता.

"नाही हो," मी म्हटलं. "चालू आहे."

त्यांनी मान हलवली. मग माझा हात शोधला आणि म्हणाले, "मग मला सांग." मी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटाने ठेका धरला. सूर वर गेला की बोट मनगटाकडे सरकवायचे, खाली आला की बोटांकडे. मधेच माझंच लक्ष चुकायचं आणि ठेका चुकायचा, तर हे लगेच बोट दाबून दुरुस्त करायचे. गाणं ऐकू येत नव्हतं, तरी ठेका मात्र माझ्यापेक्षा यांचा पक्का! शेवटी गायिका खाली उतरली तशी यांची बोटं आपणहून हलायला लागली. शेवटची तिहाई, तोच तुकडा तीनदा, त्यांनी माझ्याबरोबर घेतली. टाळ्या झाल्या त्या त्यांना ऐकू आल्या.

एवढी वाट बघून मिळालेली भैरवी, आणि मी धड ऐकलीच नाही. सगळं लक्ष त्या तळव्यावर.

बाहेर मधुरिमा गाडी घेऊन थांबली होती. आम्ही मराठीत प्रश्न विचारला तरी ती हिंदीत बोलते, तशी म्हणाली, "मम्मी, इतनी देर? आप लोग तो हमेशा पहले निकल आते हो."

"भैरवी ऐकली," मी म्हटलं.

"फायनली! पापा, कैसी थी?"

तिने मोठ्याने विचारलं, म्हणून त्यांना ऐकू गेलं. गाडीत बसून पट्टा लावता लावता म्हणाले, "खालची खालची मिळाली. वरची सगळी राहिली."

मधुरिमाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे परत यायला लागणार," गुरुनाथराव म्हणाले, आणि माझ्यापुढे आपला तळवा उघडून धरला.