खळीचा वास

शहापूर संस्थानचं, बेळगाव इंग्रजांचं, आणि मध्ये जकातनाका. सासर माझं अलीकडं शहापुरात, माहेर पलीकडं बेळगावात. आमच्या मागावरच्या लुगड्यानं नाका ओलांडला की जकातीनं ते महाग व्हायचं. मिलचं लुगडं मात्र रेल्वेनं थेट बेळगावात उतरायचं, त्याला आमचा नाका लागतच नसे. शेवटी आमची लुगडी घेणाऱ्या बेळगावच्या पेढीवाल्यानं मामंजींना सांगून टाकलं, मिलच्या भावात बसत नसेल तर आता नको. घरात दोन माग, एक माझ्या नवऱ्याचा, एक धाकट्या दिराचा. एक बंद पडणार आणि तो भाऊ मुंबईच्या गिरणीत जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची आणि अकलेनं सरकारच्याही वरची. मागावरून उतरलेलं नवंकोरं लुगडं आत नेसले, वरून जुनेर गुंडाळलं आणि फुगलेल्या कोंबडीसारखी माहेरी निघाले. जकात चुकली की लुगडं मिलच्या भावात बसणार होतं. धाकटी जाऊ खानापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती दारात नाकाला पदर लावून बघत राहिली. बोलली काही नाही.

नाक्यावरच्या कारकुनानं चार बायका सोडल्या आणि नेमकं मला थांबवलं. स्टुलावरून उठलासुद्धा नाही.

"आक्का, आतलं नवं लुगडं पेढीवर चाललंय व्हय?"

त्याच्या बायकोच्या खोलीत ते सोडून ठेवलं आणि जुनेरावर परत आले. बंद पडायचा माग आमचाच ठरला आणि महिन्याभरात नवरा मुंबईला गेला.

चुगली कुणाची? जावेचीच, दुसरं कोण! वर्षभर तिनं केलेली आमटी मी आधी मांजराला चाखवत होते. मांजर लठ्ठ झालं.

नवरा सणाला येऊन जायचा; पुढं पहिल्या बाळंतपणाला चार महिने माहेरी राहिले. परतताना गल्लीच्या तोंडाशीच आंबूस वास नाकात शिरला. सुताला लावायची खळ, नव्या लुगड्यातही तीच! रोज त्यातच वावरणाऱ्या आम्हाला तो वास कधी जाणवलाच नव्हता. कारकुनाला चुगलीची गरज काय होती?

जाऊ सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी विचारलं, "त्या दिवशी माझ्या लुगड्याला वास आलता?"

"लई आलता."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"नवी सून मी. थोरल्या जावंला घाण वास येतोय म्हणून सांगू?"

खरंच होतं. आत तिच्या नवऱ्याचा माग खटखटत होता. आमच्या मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या.

संशय फिटला, तरी ताटाशी येऊन बसणाऱ्या मांजराला मी आणखी काही दिवस आमटी घातली.