फोनवर बंद असलेली खिडकी

“थांबा, अदुगर बाहेर बघू द्या!” असं म्हणतच सर वर्गात शिरायचे. फळ्याकडे न जाता थेट खिडकीकडे. चहाचा गाडा, सायकली, समोरच्या मेसची पाटी, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाली की मगच खडू उचलायचे.

लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. त्यातल्याच एका क्लासमध्ये ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी रसायनशास्त्र. तुम्हीही असा एखादा शिक्षक पाहिला असेल, ज्याच्या वर्गातला हशा ऐकून शेजारच्या वर्गातल्या मुलांचं लक्ष उडतं. माझ्या मुलांचं रोज उडायचं. मला राग यायचा आणि माझेही कान तिकडेच असायचे.

पुढे आमच्या संचालकांनी सगळ्या वर्गांना मोटरवर चालणारे पडदे बसवले. प्रोजेक्टरवरचं नीट दिसावं आणि मुलांनी बाहेर बघू नये म्हणून. केबिनमध्ये बसून ते फोनवरूनच पडदे खाली सोडायचे आणि कुठला उघडा, कुठला बंद, हेही फोनवरच बघायचे. सरांच्या वर्गातला हशा थांबला. पडदा खाली आला की त्यांना घाम फुटायचा, बोलता बोलता अडखळायचे.

काही दिवसांनी हशा पुन्हा सुरू झाला, म्हणून मी डोकावले. खिडकीला भिडवून सरांनी एक उंच टेबल ठेवलं होतं. पडदा अर्ध्यावर येऊन टेबलावर टेकला होता आणि वरून सुटलेलं कापड तिथंच गोळा झालं होतं. खाली अर्धी खिडकी मोकळी.

“मॅडम, ह्या मशीनला डोळे न्हाईत,” सर खुशीत म्हणाले. “मोटर किती वेळ फिरली त्यावरून पडदा कुठवर आला ते ठरवतंय. मधी टेबल आलं, त्याला काय मालूम? फोनवर बंदच दिसायलाय!” हेच गणित त्यांनी मुलांकडून फळ्यावर सोडवूनही घेतलं होतं.

एक दिवस संचालक पालकांना वर्ग दाखवायला आले. हातातल्या फोनवर पडदा बंद आणि वर्गात लख्ख ऊन! पालक गेल्यावर ते सरांवर तडकलेच. “हे काय लावलंय सर तुम्ही?”

सर या वेळी हसले नाहीत. “भूकंपात मी ढिगाऱ्याखाली होतो, साहेब. एका फटीतून उजेड दिसत होता, तेवढ्यावर तग धरला. खिडकी बंद झाली की अजून बी जीव गुदमरतो. शब्द फुटत न्हाई.”

“मग सांगायचं की.”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला ऑफिसात बसवलं असतं. मला शिकवायचंय हो.”

माझे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी संचालकांनी पडदे बसवणाऱ्या माणसाला बोलावलं आणि त्या वर्गाचा पडदा अर्ध्या खिडकीवरच थांबेल असा लावून घेतला. सरांनी पुढची कित्येक वर्षं त्या उजेडात झोकात शिकवलं.

आता सर उदगीरला लेकीकडे असतात. त्यांच्या जागी आलेले तरुण सर हुशार आहेत, पण त्यांच्या वर्गातून हूं की चूं ऐकू येत नाही. माझ्या मुलांचं लक्ष आता जराही उडत नाही आणि मला ते मुळीच आवडत नाही.

परवा नव्या सरांनी तक्रार केली, “माझ्या वर्गातला पडदा पूर्ण खाली येत नाही. दुरुस्त करून घ्या ना.”

संचालकांनी खिशातून फोन काढला, त्यांच्यापुढे धरला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “बंदच तर दिसतोय की!”