आतून उठणारा वारा

अंगावरून वारं गेलं म्हणतो आपण. पण तो वारा येतो कुठून, हे कधी कुणाला विचारलंत? आमच्या मावशीच्या यजमानांना तरी विचारू नका. सातपूरपासून पंचवटीपर्यंत पक्षाघातावर इतक्या आनंदानं बोलणारा दुसरा माणूस झाला नाही.

काका कारखान्यात फिटर. आणीबाणी उठल्यावर कामगारांच्या अधिवेशनासाठी कलकत्त्याला गेले, आणि ठराव विसरून चिनी सुया टोचायला शिकून आले. "बाहेरचा वारा नव्हे रे," ते मला समजावत, "यकृतात राग साचतो, त्याची आग होते, आगीतून वारा उठतो आणि कफाला घेऊन थेट मस्तकात! अर्धं अंग गेलंच. म्हणून आधी वारा शांत करायचा, कफ काढायचा, मग सुयांनी अंगातल्या वाटा मोकळ्या करायच्या." नमस्काराऐवजी ते समोरच्याचा अंगठा आणि बोट यांच्यामधला खळगा दाबत. जीभ पाहिल्याशिवाय त्यांना माणूस कळत नसे. एकदा बसच्या कंडक्टरलाच म्हणाले, "आ कर." तो म्हणाला, "काका, तुमचा चीन लय लांब हाय, आधी तिकीट काढा." मी त्याच कारखान्यात युनियनचा माणूस; एका गेटसभेत पिंपावर उभा राहून मालकशाहीवर तुटून पडलो होतो, तर हे वर चढून माझा हात दाबू लागले. "यकृत सांभाळ!" सभा हसली. मी चिडलो, "रागाशिवाय कामगाराला काय मिळालंय, काका?" ते म्हणाले, "राग कर की! साठवू नको एवढंच."

मावशी मात्र कधीच रागावत नसे. काका न सांगता चहाला माणसं आणत आणि ती मुकाट्यानं आधण वाढवी. "हिचं यकृत म्हणजे थंडगार माठ," ते अभिमानानं सांगत.

एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात थांबला, तोंड वाकडं झालं. काकांच्या खिशात सुयांची डबी होती. डबीला हातही न लावता त्यांनी रस्त्यावर आडवं होऊन टेम्पो थांबवला आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "रक्तदाब कधीपासून आहे?" कुणी मोजलाच नव्हता. बाहेरच्या बाकावर काका म्हणाले, "सगळ्या गावाच्या जिभा पाहिल्या रे. हिचीच राहिली."

ती घरी आली, पण वाचा आली नाही. डॉक्टरांना विचारून काका रोज सुया लावत, हात हलवून घेत. शब्द फुटेना. मग साठलेला राग बाहेर यावा म्हणून त्यांनी तिला रागावायला लावायचं ठरवलं: चपला स्वयंपाकघरात, ओला टॉवेल उशीवर. ती नुसती बघत राही.

आणि एका दुपारी, जुन्या खोडीनं, ते पाळी सुटलेले चार फिटर घेऊन आले. खाटेवरून आवाज आला, "विचारून... आणत जा... की!"

फिटर दारातच थबकले. काका जमिनीवर बसले. "बोल, बोल! अजून काय?"

अजून पुष्कळ होतं. अडखळत, थांबत मावशी संध्याकाळपर्यंत संसारभराचं बोलली. चहा आटून गेला. काका मान हलवत होते, हसत होते, डोळे पुसत होते.

गोळ्यांनी बोलली, सुयांनी, की तिच्याच हट्टानं, मला सांगता येणार नाही. आणि सांगतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. हात पुरता परत आला नाहीच. आता भाकऱ्या काका थापतात, आणि खाटेवरून त्यांना नावं ठेवली जातात.

तुमच्या घरात कधीच न रागावणारी बाई असेल, तर उद्याच तिचा रक्तदाब तपासून आणा. मग तिला समोर बसवून विचारा, तुझं काय काय राहून गेलंय? आणि तिचं बोलून संपेपर्यंत जागचे उठू नका.