खिडकीतला दिवा

ताईला किळस फार लवकर यायची आणि आली की ती लपवायचीही नाही. दुरुस्तीला ॲम्प्लिफायर आला की आधी नाक मुरडून त्याच्याभोवती एक फेरी. बटणांवर बोटांचा चिकट मळ, जाळीत सिगारेटची राख, मागच्या बाजूला झुरळांचा सुखाचा संसार. "वाजवतात गंधर्वासारखं आणि राहतात उकिरड्यावर," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. एकाच्या यंत्रातून तर तिनं अर्धवट खाल्लेलं सँडविच बाहेर काढलं आणि चिमट्यानं धरून त्याच्याच हातावर ठेवलं. तरीही गिटारवाले तिच्याकडेच येत, कारण ताईच्या हातून गेलेलं यंत्र परत येत नसे.

तरुणपणी ती रेडिओच्या कारखान्यात तारांना कथलाचे डाग द्यायला बसायची. लग्नाचं जमलं नाही आणि तिनं फारसं जमवूही दिलं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा धाकट्या भावानं वाद्यांचं दुकान काढलं होतं. त्याची मागची खोली तिला मिळाली. पुढे तो गोड बोलून विकायचा, मागे ती कडू बोलून दुरुस्त करायची. दोघांचं बरं चाललं होतं.

त्या खोलीत तिनं स्वतःची अशी एकच वस्तू घडवली. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमधून अर्ध्या वाटेवर बाहेर काढायचा, घुमवणाऱ्या-लांबवणाऱ्या पेडलांतून फिरवायचा आणि परत आत आणायचा, याला वाजवणारे इफेक्ट्स लूप म्हणतात. या फेरफटक्यात लांबलचक तारांमधून आवाज मरगळतो. त्याला ताकद द्यायला ताईनं बफरची पेटी केली. आत जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा व्हॉल्व्ह. "बफरनं पोस्टमनसारखं वागावं. पत्र पोचवावं, फोडून वाचू नये," ती म्हणायची. "चांगला बफर ऐकूच येत नाही."

भावानं हट्ट धरला, की पेटीला पुढे खिडकी हवी, व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड दिसला पाहिजे. "दागिना आहे का तो?" असं म्हणत तिनं खिडकी कापली. पेट्या खपू लागल्या. पेटीवर नाव छापलं होतं, "ताई". मागणी वाढली तसा भाऊ म्हणाला, "जास्तीच्या बाहेरून करून घेतो. तुझ्याच आराखड्यावरून, काळजी नको." ताईनं विश्वास ठेवला. सख्खा भाऊ होता.

आणि मग एके दुपारी वेणी घातलेला एक गिटारवाला पेटी घेऊन आला. चेहरा पडलेला. "ताई, हिच्यातला गोडवाच गेला हो. आवाज कोरडा झालाय."

त्याला बाहेर बाकावर बसवून ताईनं पेटी जोडली. खिडकी काळीकुट्ट. म्हणजे व्हॉल्व्ह गेला. खात्री करायची म्हणून तिनं गिटारची तार छेडली, तर आवाज खणखणीत! ताई चक्रावली. विझलेल्या व्हॉल्व्हमधून आवाज जाईलच कसा? तिनं झाकण उघडलं, काचेला बोट लावलं. थंडगार. व्हॉल्व्हच्या एकाही पायाला तार नव्हती. तो नुसता शोभेला उभा होता, त्याच्या बुडाशी विझलेला एक चिमुकला नारिंगी दिवा होता, आणि सगळं काम कोपऱ्यातली नखाएवढी चिप करत होती. ताईला शिसारी आली. त्या सँडविचच्या वेळीही एवढी आली नव्हती.

तिनं भावाला आत बोलावलं. "हे काय आहे?"

त्यानं एकदा आत पाहिलं. लाजला बिजला नाही. "चालतंय ना?"

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! व्हॉल्व्ह म्हणून विकतोस ना हे? वर माझं नाव घालून?"

"तुझी एक पेटी व्हायला किती दिवस लागतात ते बघ की. आणि तूच म्हणतेस ना, चांगला बफर ऐकूच येत नाही? मग तुला तरी फरक ऐकू आला का?"

ताईला खरंच आला नव्हता. "मग चिप म्हणून वीक," ती म्हणाली.

"चिपला कुत्रं विचारत नाही, ताई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उघडी पेटी उचलून ती तडक बाहेर गेली आणि गिटारवाल्यापुढे धरली. सगळं सांगितलं. आता हा आरडाओरडा करणार, गावभर बोभाटा होणार, दुकान बसणार आणि आपलं नावही त्याबरोबर जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. चालेल, म्हणाली मनात.

गिटारवाल्यानं आत डोकावून पाहिलं. "म्हणजे हिच्यात कधी गोडवा नव्हताच?"

"तुम्ही दिवा ऐकत होता."

त्यानं वेणी चाचपली. "असेल. पण तेवढा दिवा लावून द्या ना, ताई. तो दिसला नाही की माझा हातच मोकळा होत नाही. लोकांनाही दिसतो."

"मी हात लावणार नाही," ताई म्हणाली.

"आणा इकडे, मी लावतो," म्हणत मागोमाग आलेला भाऊ पेटी घेऊन आत गेला आणि तिच्या स्टुलावर बसला. ताई दारात तोंड फिरवून उभी राहिली. पण जळका वास आला आणि तिनं पाहिलंच. भावानं डाग कसला, कथलाचं ढेकूळ बसवलं होतं. मळकं, खडबडीत, शेजारच्या तारेवर सांडलेलं. वरून तो त्यावर फुंकर मारत होता, पोरं दुधावर मारतात तशी.

"ऊठ," ताई म्हणाली. "ऊठ तिथून. ओंगळ मेला!"

तिनं ढेकूळ वितळवून काढलं, तारा साफ केल्या, नवा दिवा बसवला. खिडकी नारिंगी झाली. गिटारवाल्यानं खिडकीवर नजर ठेवून तार छेडली आणि ओरडला, "आला! गोडवा आला!"

"बघ," भाऊ खुशीत म्हणाला, "आता पुढच्या सगळ्या पेट्यांचे दिवे तूच लाव. एवढं सुबक काम दुसऱ्या कोणाच्या हातून होणार?"

ताईनं नाक मुरडलं. तिनं झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा आत पाहिलं. डाग खरंच सुंदर बसला होता.