‘जातो’ म्हटलं की चढणारा बायस

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी... तेही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं आई लहानपणापासून बजावायची. मी मुद्दाम ‘जातो’ म्हणायचो. शब्दाने काय होतंय!

बदलीवर कोलकात्याला आलो. दमदमला वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण, मासीमा. आमची मागची खोली त्यांच्या यजमानांची होती. तिथेच बसून ते गाणी ऐकायचे, तिथेच वारले. त्यांच्याच टेबलावर मी अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतला.

सगळं जमलं, पण बायस स्थिर होईना. बायस म्हणजे गाणं सुरू नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडासा करंट. तो वाढला की ट्रान्झिस्टर तापतात, तापले की तो आणखी वाढतो... शेवटी जळतात. बायस ठरवणारा प्रीसेट बदलला, सोल्डरिंग नव्याने केलं. मी समोर असेपर्यंत मीटरवरचा आकडा गप्प. उठलो की चढलाच!

आई चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती, त्या दुपारी तिचं परतीचं विमान होतं. खाली गाडी उभी. बाहेरच्या पंख्याचा वारा ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकला लागून आकडा हलू नये म्हणून मी खोलीला आतून कडी घातली होती.

“अरे, विमान उडेल! बस मग त्या डब्याला कवटाळून!” बाहेरून आई.

“जातो रे बाबा,” मी अ‍ॅम्प्लिफायरलाच म्हणालो आणि उठलो. आकडा चढला. बसलो, उतरला. पुन्हा ‘जातो’... पुन्हा चढला. चिडून प्लग उपटला, कपॅसिटर रिकामे केले. आता आत वीजच नव्हती. तरी आकडा चढतच होता – आणि जळका वास यायला लागला. दाराकडे धावलो. कडी हलेना. खिडकीला गज.

आवाज ऐकून मासीमा वर आल्या होत्या. मी दार बडवत बंगालीत ओरडलो, “आमि जाच्छि! आमि जाच्छि!”

“छि छि, जाच्छि बोलते नेइ, बाबा! बोलो, आशि!”

“त्या काय म्हणतायत मला कळत नाही,” आई कडाडली, “पण तू मुकाट्याने ‘येतो’ म्हण, गाढवा!”

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सांगत मात्र एकच होत्या.

टेबलाकडे वळलो. “येतो,” म्हणालो.

आकडा शून्यावर आला. कडी एका बोटाने सरकली.

आईला विमान मिळालं. तेव्हापासून मी ‘येतो’ म्हणूनच उठतो, आणि बायस जागचा हलत नाही. मीटर बदलून पाहिलं, उरलेला चार्ज तपासला... कारण सापडलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर लवकर सांगा, कारण माझी पुन्हा बदली झाली आहे. त्या खोलीतून शेवटचं निघताना ‘जातो’ म्हणायची माझी छाती नाही.

आणि ‘येतो’ म्हणालो... तर यावं लागेल ना.