दहा रीडिंग आणि डाव्या पायाचा मोजा

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेते, हे आधीच सांगते. साकीनाक्याला प्लास्टिकच्या झाकणांचं एक युनिट आहे, तिथे मी क्वालिटी चेकिंगला आहे. दिवसभर हातात गेज. माप जुळलं तर माल पास, नाहीतर परत. मधलं काही नसतं. अशी बाई हे असलं लिहायला बसलीय, म्हणजे बघा...

गेल्या वर्षीची गोष्ट. कांदिवलीला मी आणि बाबा, दोघंच राहतो. आईला जाऊन चार वर्षं झाली. बाबांना डायबेटिस. त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, रक्ताचे रिपोर्टही बिघडलेले. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर किती कडक झालंय ते बघायला हवं."

"कडक म्हणजे चांगलंच ना?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, कडक होणं म्हणजे आत वण धरणं. त्यासाठी पूर्वी सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढायचे. आता सोनोग्राफीसारखंच मशीन बरगड्यांमध्ये टेकवून बाहेरूनच माप घेतात. पण रीडिंग नीट आली नाहीत, तर मग सुईच.

बाबा मालवणकडचे. चिडले की मालवणीत शिरतात. रिक्षातच सुरू झाले, "माका सुई नको हां. सुईचा नाव काढलास तर मी सरळ गावाक जातलंय."

आणि ते खरंच गेले असते. तिथे ना औषध, ना पथ्य, ना कोणी बघणारं. आई गेली, आता हेही... मला ती रीडिंग हवीच होती.

सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती, बाबा उपाशीपोटी. बूट दाराबाहेर काढले. एसी गार होता म्हणून त्यांचे दोन्ही मोजे मीच नीट वर ओढून दिले. दोन्ही — हे लक्षात ठेवा. खोली एवढीशी. बेड पायाकडून आणि डावीकडून भिंतीला टेकलेला. उजवीकडे टेक्निशियन मॅडम, आणि उशाशी मी, बाबांचा वर घेतलेला उजवा हात धरून.

मॅडमनी जेल लावून प्रोब टेकवला. टिचकी मारावी तसा एक ठोका बसला... आणि बाबा खुदकन हसले!

माझ्या वडिलांना गुदगुल्या होतात, हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. अंग हललं की रीडिंग बाद. पुन्हा ठोका, पुन्हा खी खी खी.

"काका, दोन मिनिटं शांत पडा ना, प्लीज."

"मी काय मुद्दाम करतंय?"

पंधरा-वीस ठोके झाले, एकही धड नाही. बाबांच्या डोळ्यांत हसून पाणी, माझ्या डोळ्यांत वेगळंच. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता लास्ट ट्राय. नाही जमलं तर तसं लिहून देते, पुढचं डॉक्टर बघतील."

पुढचं म्हणजे सुई. मी नुसता त्यांचा हात घट्ट धरला.

आणि बाबा एकदम शांत झाले. चेहरा सैल पडला, डोळे मिटले. टक... टक... ओळीने दहा रीडिंग आली, दहाही पास. "झकास, काका!" मॅडम म्हणाल्या.

जेल पुसताना बाबा मला म्हणाले, "अंगठो धरलंस ता बरा केलंस गो. नायतर माका हसू आवरला नसता."

"कसला अंगठा?"

"डाव्या पायाचो."

मी उशाशी. मॅडमचे दोन्ही हात कामात. पायाकडे भिंत. मी बघितलं, तर उजव्या पायात मोजा होता आणि डावा पाय उघडा. चादर झटकली, बेडखाली वाकून पाहिलं. नाही. बाहेर आलो, तर मोजा बाबांच्या डाव्या बुटात, छान घडी घालून ठेवलेला. दार सगळा वेळ बंद होतं.

बाबा बाकावर बसून राहिले. मग मान खाली घालून, चक्क लाजत म्हणाले, "लगीन झाला तेव्हा दहा बाय दहाची खोली, आठ माणसा. पाठ टेकली की माका हसू फुटायचा. तुझी आवस आपल्या पायाच्या बोटांत माझो अंगठो धरून दाबी. गप ऱ्हवा म्हणून." मग डाव्या पायाकडे बघत म्हणाले, "आतासुद्धा तिचा जोडवा गार लागला."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मुलीला सांगण्यासारखं नव्हतंच ते, त्या दोघांचं होतं. भर कॉरिडॉरमध्ये मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

रिपोर्ट आला. चरबी आहे, वण नाहीत. सुई टळली.

मी सगळा विचार करून पाहिला आहे. डायबेटिसने पायाला मुंग्या येतात, कबूल. पायावर पाय घासून मोजा निघू शकतो, तेही कबूल. पण बंद दाराबाहेर जाऊन घडी कोण घालतं?

सहा महिने बाबांनी भात कमी केला, रोज सकाळी चालले. परवा नवे रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. "मस्त! आता ती टेस्ट पुन्हा करायची काही गरज नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "पण साहेब... एकदा करून घेऊया ना?"

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

"लिहून द्या, डॉक्टर," मी म्हटलं.